आज्जीनं तुळशीची खोटी शपथ घेतली होती, हे शाळेत सांगू का?

९ ऑगस्टला गावच्या शाळेत आज्जीबद्दल बोलायला बोलावलंय. आमचं गाव वाळवा तालुक्यात, १९४३ ला प्रतिसरकार (इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी चालवलेलं लोकांचं सरकार) जोरात होतं तेव्हा आज्जी नवी सून. एका रात्री दोघं भूमिगत जेवायला आलेले, भाकरी अर्धी खाल्ली तोवर पोलीस दारात. आज्जीनं त्यांना कणगीमागं बसवलं, ताटल्या सरपणात कोंबल्या. फौजदार म्हणाला तुळशीवर हात ठेवून सांग, तिनं ठेवला, म्हणाली घरात कोण न्हाई. माणसं वाचली. पण ती माळकरी होती हो, त्यानंतर मरेपर्यंत तुळशीला रोज पाणी घातलं पण हात कधी लावला नाही, मंजिऱ्यासुद्धा आईला खुडायला लावायची. विचारलं की म्हणायची, "परत तशी येळ आली तर परत तसंच बोलीन. पण खोटं ते खोटंच."
आई म्हणते हे शेवटचं सांगू नको, लोकांना वाटेल तिला पस्तावा झालेला. काय करू?

माणदेशी:
सांगा की! आमच्याकडं वडूजला ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे धरून ९ जण गेले, ते पोरांना पाठ असतं. पण कणगीपुढं उभं राहिलेल्या बाईला काय वाटलं असेल हे कुठल्याच भाषणात येत नाही.

कृष्णाकाठ:
मला नाही पटत. दोन जीव वाचवले त्यात पाप कसलं? तिच्या मनाला लागलं ते तिचं मोठेपण, पण सहावीतल्या पोराला एवढंच कळणार की आज्जी चुकली.

कुंडलकर:
पोरांना कळतं. माझे चुलत आजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते, पत्री ठोकली म्हणजे नाल मारली असं लोक रंगवून सांगतात, खरं तर तळपायावर काठ्या मारायचे. गाव नाडणाऱ्या गुंडांनाच मारलं तरी आजोबा ते कधी हसत सांगायचे नाहीत, विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. त्यांनी केलं ते गरजेचं होतं असंच मी मानतो, पण ते उठून जाणं मला जास्त आठवतं.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळं आईला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, सांग, पण "परत तसंच बोलीन" हे आधी सांग, ते गाळलंस तर बघ.