बेनिनची पितळकला आणि पोर्तुगीज : बदलाची सूत्रे कोणाच्या हाती होती?

ईशान
परक्यांच्या संपर्काने आफ्रिकेची पारंपरिक कला भ्रष्ट झाली, हे मत आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याच्या बाबतीत मला मुळीच पटत नाही. १५व्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज तेथे पोहोचले, तेव्हा मेणाच्या आकृतीवर माती लिंपून, मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची विद्या दरबारी ओताऱ्यांना अवगत होतीच. व्यापारातून ‘मॅनिला’ नावाची धातूची कडी मुबलक येऊ लागली आणि १६व्या-१७व्या शतकांत राजवाड्याचे खांब पितळी शिल्पफलकांनी मढले. राजमाता इदिया यांचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील हस्तिदंती मुखवटा पाहावा. त्याच्या मुकुटावर दाढीवाल्या पोर्तुगीजांची मुखे आणि जमीन-पाणी दोन्हींत तगणारे मासे आलटून पालटून कोरले आहेत, कारण समुद्रापलीकडून संपत्ती आणणाऱ्या या माणसांचे नाते समुद्रदेव ओलोकुनशी जोडले गेले होते. परका राजवैभवाचे चिन्ह झाला, आणि ते चिन्ह घडवले दरबाराने.

मृणाल
ती कडी कशाच्या मोबदल्यात आली, हा प्रश्न ‘व्यापार’ म्हणून मागे टाकता येणार नाही. मिरी आणि हस्तिदंताबरोबर माणसेही विकली गेली. शिवाय बेनिनच्या दरबाराकडे सत्ता होती, ती सर्वत्र नव्हती. सिएरा लिओनच्या सापी कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी कोरलेल्या हस्तिदंती शिंगांवर युरोपीय शिकारदृश्ये आणि पोर्तुगालची राजचिन्हे आहेत. तेथे विषय गिऱ्हाइकाने दिला.

ईशान
माणसांच्या विक्रीचा मुद्दा मी नाकारत नाही. मात्र पुरुष गुलामांच्या निर्यातीवर बेनिनने दीर्घकाळ निर्बंध ठेवले, हेही त्याच इतिहासात आहे. सापी कारागिरांनी विषय घेतला हे खरे, परंतु त्यांच्या मीठदाण्यांवरील माणसांची वाटोळी डोकी आणि ठळक डोळे त्याच प्रदेशातील दगडी मूर्तींच्या घडणीचे आहेत. हात गिऱ्हाइकाला विकला गेला नव्हता.

वसुधा
मला दोघांचीही मांडणी अपुरी वाटते. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन शहर जिंकले, ओबा (राजा) ओवोनराम्वेन यांना हद्दपार केले आणि हजारो कलावस्तू लुटून नेल्या. ज्यांच्या आज्ञेने इगुन या ओताऱ्यांच्या वस्तीतील ओतारी काम करीत, तो राजाच उरला नाही. १९१४ मध्ये गादी पुन्हा स्थापन झाली, पण देवघरांतील आणि राजवाड्यातील वस्तू परदेशी संग्रहालयांत राहिल्या. या घटनेलाही आपण ‘संपर्क’च म्हणणार का?

मृणाल
नाही, ती लूट होती. तरीही तिची वाट आधीच्या चार शतकांच्या व्यापारानेच तयार केली, असे माझे मत आहे. ब्रिटिशांना बेनिनवर हवा असलेला ताबा शेवटी व्यापारासाठीच होता.