केवळ आकाराने क्रम ठरत नाही
नवजात उंदरांच्या प्रेरक चेतापेशी (स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या पेशी) लहान आणि जास्त विद्युतरोधाच्या असल्याने चटकन उद्दीपित होतात, हे म्हणणे मान्य. परंतु पुढचा सहभागाचा क्रमही, म्हणजे कोणती पेशी आधी आणि कोणती नंतर कामाला लागते हे, निव्वळ पेशी मोठ्या झाल्याने ठरते, हे त्यासोबत दिले जाणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. पहिल्या आठवड्यात या पेशींचे मंद आणि वेगवान प्रकार (अनुक्रमे मंद आणि वेगवान स्नायुतंतू चालवणारे) आकारानुसारच, जवळजवळ सारखे वागतात. दुसऱ्या आठवड्यात, पिल्लू पायांवर भार पेलू लागते त्या सुमारास, टिकून राहणारे अंतर्गामी प्रवाह (पेशीच्या आत वाहणारे, सहसा तिला उद्दीपित करणारे विद्युतप्रवाह) दोन्ही प्रकारांत वेगवेगळ्या रीतीने परिपक्व होतात आणि त्यांचे उंबरठे (पेशी उद्दीपित होण्यासाठी लागणारा किमान प्रवाह) एकमेकांपासून दुरावतात. तिसऱ्या आठवड्यात वेगवान पेशींत अतिध्रुवीकरणाने (पेशीच्या आतला विद्युतदाब आणखी ऋण झाल्याने) सुरू होणारा प्रवाह विश्रांत अवस्थेतही वाहू लागतो आणि, विशेष म्हणजे, अंतर्गामी असूनही त्यांचा उंबरठा आणखी वाढवतो.