मदत हवी आहे: क्लबमधलं टेबल, वाटून भरायचं बिल आणि माझे कान

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला बढती मिळाली आहे. तिच्या मैत्रिणींनी एका भारी क्लबमध्ये टेबल बुक केलंय आणि "ताई, तू यायचंच" असा हुकूम सुटलाय. मलाही जायचंय, नाचायला आवडतं, त्यामुळे 'जमत नसेल तर नाही म्हणा' हे सल्ले कृपया नकोत. फक्त अशा ठिकाणी कधी गेले नाही आणि दारू पीत नाही.

पहिली अडचण पैशांची. टेबलाला 'मिनिमम स्पेंड' आहे म्हणे. म्हणजे तेवढ्याचं खाणंपिणं मागवायचं, की ते नुसतं बसण्याचं भाडं? बिल सगळ्यांत सारखं वाटायचं ठरतंय. मी सोडा पिणार आणि शॅम्पेनच्या बाटल्यांचा हिस्सा भरणार, हे पटत नाही. पण बहिणीच्या आनंदात कॅल्क्युलेटर काढून बसणारी ताईही व्हायचं नाही.

दुसरी अडचण कानांची. मोठ्या आवाजातून बाहेर पडलं की सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत राहते. कापसाचे बोळे घालून जाऊ का? हसू नका.

शिवाय ड्रेस कोड 'स्मार्ट एलिगंट' लिहिलाय. उंच टाचांवर मला दहा मिनिटंही उभं राहता येत नाही.

प्रतिसाद १

मिनिमम स्पेंड बहुतेक ठिकाणी खाण्यापिण्यातच वळता होतो. कमी मागवलंत तर फरक बिलात लागतो. खरी गोम पुढे आहे: कर आणि सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा त्या रकमेत धरत नाहीत, ते वरून येतात. काही ठिकाणी बुकिंगचे पैसे वेगळे, काही ठिकाणी कार्डावर आधीच रक्कम अडकवून ठेवतात. ज्यांनी टेबल घेतलंय त्यांना हे सगळं क्लबकडून लेखी मागवायला सांगा. तोंडी आश्वासनाला रात्री दोन वाजता कोणी विचारत नाही.

वाटणीचं आत्ताच बोला, बिल आल्यावर नाही. "मी माझं आणि बहिणीचं देते, बाटल्या तुम्ही आपसात वाटा" एवढं एक वाक्य पुरे. त्यात कंजूसपणा दिसत नाही, उलट उत्सवमूर्तीचा खर्च तुमच्याकडून झाला म्हणून कौतुकच होईल.

प्रतिसाद २

कापूस नको, त्याने आवाज फारसा अडत नाही. फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, संगीतकार वापरतात ते. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज बऱ्यापैकी सारखा उतरवतात, त्यामुळे गाणं बोदं होत नाही आणि शेजारच्याचं बोलणंही कळतं. फोमचे स्वस्त प्लग कान वाचवतात, पण गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं.

हिशोब असा आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात ८ तास, ही अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेची शिफारस. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि डान्स फ्लोअरवर १०० सहज गाठलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि बसायला शांत कोपरा असावा असं म्हटलंय. तुमच्या क्लबात असा कोपरा आहे का विचारा. स्पीकरपासून लांब नाचा, मधूनमधून बाहेर या. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही किंवा ऐकू कमी आलं, तर कानाच्या डॉक्टरांकडे लगेच जा, 'बघू दोनचार दिवस' करू नका.

प्रतिसाद ३

टाचांची सक्ती सहसा नसते, अडवतात ते स्पोर्ट्स शूज आणि चपलांना. सपाट पण नीटनेटके बंद बूट घाला. दारावरचा माणूस आधी पायांकडे बघतो, हे मात्र खरं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, प्लग मागवले! बिलाचं वाक्य पाठवलंय, उत्तराची वाट बघतेय. अजून एक: शुद्धीत एकटीच मी असणार. कोणी आग्रह करायला लागलं तर?

प्रतिसाद १

हातात भरलेला ग्लास ठेवा, सोडा-लिंबूच. रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. ग्लास टेबलावर टाकून नाचायला जाऊ नका, गेलात तर परतल्यावर नवा घ्या.

आणि गाडी चालवायचं काम आपोआप तुमच्या गळ्यात पडेल, ते घ्यायचं की नाही हे आधीच सांगून टाका. नाहीतर टॅक्सी ठरवा. "तासाभरात उतरते, कॉफी पिते" म्हणणारीच्या हातात किल्ली देऊ नका. कॉफीने झोप उडते, दारू नाही. यकृताला साधारण एका पेगला तास लागतो, आणि एका कॉकटेलमध्ये दोन पेगही असू शकतात.

प्रतिसाद ४

एक प्लगची जोडी बहिणीलाही न्या.