मदत हवी आहे: पदवीच्या पातळीवरच्या व्यवसाय प्रशिक्षणाची तुलना कशी करू?

नमस्कार मंडळी. वेगवेगळ्या देशांतल्या उच्च शिक्षणात व्यवसाय प्रशिक्षण कसं दिलं जातं यावर निबंध लिहितेय आणि निकषांपाशी अडलेय.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचं दुहेरी विद्यापीठ (स्थापना २००९) घ्या. विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो. मग साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने प्रत्यक्ष काम, असं तीन वर्षं आलटून-पालटून चालतं. पगार वर्गाच्या महिन्यांतही सुरू राहतो! घरची परिस्थिती बेताची असलेल्यांसाठी हे फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवी अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता पदवी, आहे. तिथेही नोकरी हवीच, पण शिकणाऱ्याला फी पडत नाही. फ्रान्समधल्या आययूटी (तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था) मात्र १९६६ पासून विद्यापीठांचाच भाग आहेत आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमातच येते.

नुसते कामाचे तास मोजले तर फ्रान्सवर अन्याय होतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे: कामावर शिकलेल्याचं मूल्यमापन कोण करतं, कंपनी की प्राध्यापक? आणि पुढे मास्टर्सची वाट मोकळी राहते का?

यापैकी कुठल्या पद्धतीत कुणी शिकलं किंवा शिकवलं असेल, तर कामाच्या महिन्यांचे गुण प्रत्यक्षात कसे दिले जातात ते कृपया सविस्तर सांगाल का?