मदत हवी आहे: विम बंद करून उघडला की जुन्या कमांडपैकी शेवटच्या २०च उरतात

कर्सर:
लिनक्स, टर्मिनलमधला विम हा टेक्स्ट एडिटर, आवृत्ती ९. (रोमन अक्षरं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना मूळ स्पेलिंग धरा.)

विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) `सेट हिस्टरी=१०००` आहे. `:सेट हिस्टरी?` विचारलं तर उत्तरही १००० येतं. विम चालू असेपर्यंत कितीही मागे जाता येतं, पण बंद करून उघडला की `:` च्या फक्त शेवटच्या २० कमांड दिसतात. `/` ने केलेले शोध मात्र बरेच जुनेही सापडतात.

दुसरी अडचण. `:%एस/` एवढं टाइप करून कंट्रोल-पी दाबलं की फक्त बदलीच्या कमांड याव्यात अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात `:डब्ल्यू`पासून सगळं ओळीने येतं. हवी ती कमांड मिळेपर्यंत पंधरा-वीस वेळा कळ दाबावी लागते.

उभीरेघ:
`:व्हर्बोस सेट विमइन्फो?` चं उत्तर इथे द्या. किंमत कुठल्या फाइलमध्ये ठरली तेही त्यात दिसेल.

कर्सर:
`विमइन्फो='२०,\"५०,:२०,%,एन~/.विमइन्फो`
शेवटची किंमत माझ्याच विमआरसीमध्ये ठरली आहे असं म्हणतोय. ही ओळ कुठून तरी उचललेली आहे.

उभीरेघ:
दोष त्या `:२०` चा आहे. `हिस्टरी` हा पर्याय विमने चालू असताना किती कमांड लक्षात ठेवायच्या ते ठरवतो. त्यातल्या किती डिस्कवरच्या विमइन्फो फाइलमध्ये उतरवायच्या ते `विमइन्फो` हा पर्याय ठरवतो. त्यात `:` चा आकडा दिलाच नाही तर `हिस्टरी`चीच किंमत धरली जाते. `/` चा आकडा तुमच्या ओळीत नाही, म्हणून शोध शाबूत राहतात.

ओळ अशी करा:

`सेट हिस्टरी=५०००`
`सेट विमइन्फो='१००,<५०,एस१०,एच`

`'` चा आकडा वगळू नका, तो नसला तर ई५२८ ही चूक येते. फाइलचं नाव द्यायचं असेल तर `एन` सगळ्यात शेवटी हवा, कारण त्यापुढचं सगळं विम नाव समजतो. `<५०` म्हणजे प्रत्येक रजिस्टरच्या (कॉपी केलेला मजकूर ठेवायच्या जागेच्या) ५० ओळी आणि `एस१०` म्हणजे १० केबीपेक्षा मोठं रजिस्टर वगळा. या दोन्हींचा कमांडशी संबंध नाही, पण ते वाढवले तर फाइल फुगते आणि विम उघडायला वेळ लागतो. `हिस्टरी`ची कमाल मर्यादा १०००० आहे. आधीच कापल्या गेलेल्या कमांड परत येणार नाहीत.

पानभर:
कंट्रोल-पीबद्दल: विममध्ये वरचा बाण आणि कंट्रोल-पी एकसारखे नाहीत. वरचा बाण तुम्ही टाइप केलेल्या अक्षरांनी सुरू होणाऱ्याच कमांड आणतो, कंट्रोल-पी ती अक्षरं बघतच नाही. म्हणजे `:%एस/` आणि वरचा बाण, एवढं आजही चालेल. हात बाणाकडे न्यायचा नसेल तर:

`सीनोरीमॅप <एक्सप्र> <सी-पी> वाइल्डमेनूमोड() ? "\<सी-पी>" : "\<अप>"`

कंट्रोल-एन आणि `<डाउन>` साठी अशीच दुसरी ओळ. वाइल्डमेनूमोडची तपासणी गाळून सरळ बाण जोडला तर टॅबने उघडलेल्या यादीत कंट्रोल-पीने मागचा पर्याय निवडता येत नाही.

कमांडची सुरुवात आठवत नसेल, मधला एखादा शब्दच आठवत असेल, तर `क्यू:` दाबा. जुन्या कमांडची खिडकी उघडते, तिची उंची मुळात ७ ओळी असते. तिथे `?` ने शोधा, ओळ नेहमीसारखी दुरुस्त करा, एंटर दाबला की ती चालते. कमांड अर्धी टाइप झाली असेल तर कंट्रोल-एफने तीच खिडकी उघडते. माझ्या मते आकडा वाढवण्यापेक्षा ही सवय जास्त कामाची: ५००० कमांड साठवल्या तरी त्या एकेक पाऊल मागे जाऊन कोण शोधणार?

कर्सर:
दोन्ही जमलं, मनापासून आभार! आता दोन प्रश्न राहिले. दोन टर्मिनलांत विम उघडा असला तर एकातली कमांड दुसऱ्यात कशी आणायची? आणि `:डब्ल्यू`, `:क्यू` असल्या बारीक कमांड काढून कशा टाकायच्या?

उभीरेघ:
विम ही विमइन्फो फाइल सुरू होताना वाचतो आणि बंद होताना लिहितो. लिहिताना आधीच्या नोंदी पुसत नाही, त्यात मिसळतो. मधेच हवं असेल तर पहिल्यात `:डब्ल्यूविमइन्फो`, दुसऱ्यात `:आरविमइन्फो!` द्या. उद्गारचिन्हामुळे दुसऱ्यातली रजिस्टरं आणि खुणाही बदलतात, तेव्हा काही कॉपी करून ठेवलं असेल तर ते आधी चिकटवा. प्रोसेस किल -९ ने मारली तर काहीच लिहिलं जात नाही, म्हणून फाइल सेव्ह होताच लिहिणारी ओळ घालून ठेवा:

`ऑटोसीएमडी बफराइटपोस्ट * डब्ल्यूविमइन्फो`

बारीक कमांड काढायला:

`:कॉल हिस्टडेल(':', '^\(डब्ल्यू\|क्यू\|डब्ल्यूक्यू\)$')`

यानंतर लगेच `:डब्ल्यूविमइन्फो!` द्या. उद्गारचिन्ह नसेल तर फाइलमधल्या जुन्या नोंदी पुन्हा मिसळतात आणि काढलेलं परत येतं. कमांडमध्ये चुकून पासवर्ड टाइप झाला असेल तर हीच रीत वापरा. ही फाइल साध्या मजकुराची असते, कुठलंही कूटलेखन नसतं. दुसरा विम उघडा असेल तर तोही आधी बंद करा, नाहीतर बंद होताना तो स्वतःजवळची नोंद परत लिहील.

एकच कमांड पुन्हा दिली तर विम जुनी नोंद काढून नवी शेवटी ठेवतो, तेव्हा दुहेरी नोंदींसाठी वेगळं काही करायला नको.

पानभर:
दोन गोष्टी जोडतो. बंद करताना ई१३७ आला तर फाइलची मालकी बघा. सूडोने (प्रशासक म्हणजे रूटच्या अधिकाराने) विम चालवल्यावर कधी कधी ती रूटच्या नावावर जाते, मग तुमचा विम लिहू शकत नाही. `चौन` या कमांडने मालकी परत स्वतःकडे घ्या. आणि मॅपिंगमधून (कळांना जोडून ठेवलेल्या कृतीतून) पूर्णपणे चालवलेली कमांड इतिहासात जात नाही, हा बिघाड नाही. ती हवीच असेल तर मॅपिंगमध्ये `हिस्टॲड(':', '…')` बोलवा.