आना थोर्वाल्डस्दोत्तिर यांचं संगीत ऐकायचं कसं?

निशाचर:
परवा रात्री एकातून दुसरं लावत लावत 'मेटाकॉसमॉस' या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेपाशी पोचलो, आइसलँडच्या संगीतकार आना थोर्वाल्डस्दोत्तिर यांच्या, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. पण नीट कळलं असं नाही म्हणणार. चाल अशी हाताला लागत नाही, खाली काहीतरी घुमत राहतं, वर व्हायोलिनं खरखरतात, आणि शेवटाकडे तंतुवाद्यांवर इतकी हळवी धून येते की मी उठूनच बसलो. हे ऐकायचं कसं? आणि पुढे काय ऐकू?

खर्जातला:
चाल शोधू नका, खालचा सूर धरा, तंबोऱ्यात कान मुरवतो ना तसं. तो लांबलेला स्वर एकसारखा वाटतो पण आत हलत असतो, गजाचा (तारांवर फिरवायच्या काठीचा) दाब बदलला, गज घोडीकडे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीकडे सरकला की लगेच रंग बदलतो. त्या स्वतः चेलो शिकल्यात, ते जाणवतं. त्यांच्या स्कोअरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीत, वादकांसाठी एक सूचना असते: लांब स्वर म्हणजे नाजूक फूल समजा, ते हातात घेऊन बारीक दोरीवरून चालायचंय, फूल पाडायचं नाही आणि स्वतःही पडायचं नाही. हे वाचल्यापासून माझं ऐकणंच बदललं.

पुढे 'एरिअॅलिटी' घ्या, २०११ चं, आइसलँड सिंफनी ऑर्केस्ट्राने रेक्याविकच्या हार्पा सभागृहात पहिल्यांदा वाजवलेलं. त्यात एका ठिकाणी पाव-पाव स्वरांचा अख्खा समुद्र साचत जातो आणि मग एकदम मोकळा होतो, तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात.

मृगजळ:
खर्जातला यांच्याशी सहमत, फक्त एक, हिमनद्या आणि ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. निसर्गाचं चित्र काढायचं नसतं त्यांना, त्याची प्रमाणं आणि ओघ घ्यायचा असतो असं त्या म्हणतात. 'मेटाकॉसमॉस'मागे तर कृष्णविवरात ओढलं जाण्याची कल्पना आहे. २०२२ चं 'आर्कोरा'ही ऐका, त्यात ऑर्गनही आहे. आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको हो, खालचं सगळं जातं!

निशाचर:
दोघांचेही आभार. आत्ता हेडफोन लावून पुन्हा 'मेटाकॉसमॉस' ऐकलं, फक्त बासवर लक्ष ठेवून. परवा हा खालचा आवाज मला नुसती घरघर वाटला होता, आज ती धून यायच्या कितीतरी आधी तो मऊ पडत गेलेला ऐकू आला.