झूमची टॉर्च लांब पोचते, पण पायाखालचं काय?

झूमवाल्या, म्हणजे डोकं मागेपुढे सरकवून झोत बारीक-मोठा करता येणाऱ्या टॉर्चचा झोत लांब जातो, म्हणून रिफ्लेक्टरचे, म्हणजे एलईडीभोवती चकचकीत वाटी असलेल्या टॉर्चचे दिवस संपले, असं एक मत ऐकलं; ते मला अर्धंच पटलं. झोत लांब जातो हे खरं. पण त्यासाठी लेन्स एलईडीपासून पुढे सरकते आणि बाजूला फाकणारा बराचसा प्रकाश नळीच्या आतल्या कडांवर आपटून वाया जातो. भिंतीवर मारून बघा, एलईडीच्या चिपचा चौकोनच उमटतो आणि त्याबाहेर मिट्ट काळोख. रिफ्लेक्टरमध्ये वाटीवरून परावर्तित झालेला प्रकाश मधला झोत बनतो, आणि वाटीला न लागता थेट सुटलेला प्रकाश भोवती फिकट पसरतो. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा फिकट पसाराच लाखमोलाचा वाटतो. पावसाळ्यात रात्री गेटबाहेर पडलं की कडेच्या पाचोळ्यात घोणस असू शकते, आणि ती काही झोताच्या मधोमध येऊन बसत नाही.

शिवाय पाण्याचा विषय आहेच. झूमचं डोकं मागेपुढे करताना हवा आत-बाहेर होते, तिच्याबरोबर दमटपणाही शिरतो. माझ्या झूमवाल्या टॉर्चच्या लेन्सला जुलैत आतून बाष्प धरतं, पुसायलाही जागा नाही. लेन्सच हवी असेल तर टीआयआरवाली (टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन, म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तनावर चालणारी) बघा. त्या भरीव लेन्सचा मधला भाग प्रकाश वळवतो, बाजूंना जाणारा प्रकाश लेन्सच्या आतल्या कडांवरूनच पूर्ण परतून पुढे फेकला जातो, आणि हलणारा भाग काहीच नाही. डोक्याला बांधायच्या बऱ्याच हेडलॅम्पमध्ये तीच असते.